डुक्कर आहे, पीच नाहीत

माणसानं आपल्या वाढदिवसाचं जेवण आपल्या तोंडानं मागू नये. आपलं बारसं आपण करतो का? आपली तिरडी आपण बांधतो का? मग मधला वाढदिवसच तेवढा काय म्हणून आपण करायचा? ते काम पोरांचं. पोरांनी येऊन म्हणायचं, "आई, यंदा जेवण घालू." आईनं म्हणायचं, "काही नको, उगाच खर्च." पोरांनी पुन्हा म्हणायचं, आईनं पुन्हा नको म्हणायचं, आणि तिसऱ्या खेपेला सुस्कारा सोडून "तुमचीच हौस असेल तर करा बाबा" म्हणून मोकळं व्हायचं. चोयपोच्या मते जगात शिकण्यासारखं एवढंच होतं, आणि त्यासाठी शाळेत जावं लागत नाही.

ती शाळेत गेलीही नव्हती. जन्मली होडीवर, वाढली होडीवर. मास्तर एकदा शिकवायला होडीवर आले होते, पण पहिल्याच लाटेला त्यांना उलटी झाली आणि चोयपोचं शिक्षण तिथंच आटोपलं. पुढं सरकारनं होडीवाल्यांना उचलून आप लेई चाउ बेटावरच्या उंच इमारतींत नेऊन ठेवलं, तेव्हा ती आली ती सतराव्या मजल्यावर. खरं नाव क्वोक गामचोय, पण खालच्या पहारेकऱ्यापासून वरच्या कबुतरांपर्यंत सगळे तिला चोयपोच म्हणत. पो म्हणजे आजी. आजी म्हटलं तरी तिच्याशी बोलताना लोक आधी दोन पावलं मागं सरकून घेत.

तर यंदा तिला एक्याऐंशीवं लागणार होतं, आणि पोरं गप्प होती.

याला कारण गेल्या वर्षीचा प्रकार. गेल्या वर्षी थोरल्या हुंगची बायको, वायक्वान, मोठ्या उत्साहानं घरी आली होती. "आई, तुमचा ऐंशीवा! हॉटेलात बुफे ठरवलाय!" आता, पुरुषाचा ऐंशीवा करतात आणि बाईचा एक्याऐंशीवा, हे टाकीतल्या खेकड्यालाही ठाऊक असतं. पण वायक्वान बँकेत कामाला. तिला पूर्णांकच आवडायचे. चोयपोनं विचारलं, "वर्षभर आधीच पोचवायचं ठरवलंय का मला?" आणि मग, "बुफे म्हणजे काय गं? ताट घेऊन रांगेत उभं राहायचं? आयुष्यभर मी दुसऱ्यांना वाढलं, आता माझ्याच जेवणाला मी भांडं घेऊन फिरू?" एवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. पण बोलण्याच्या भरात ती म्हणून गेली, "यापुढं माझ्या नावानं जेवण ठरवाल तर याद राखा!"

पोरांनी याद राखली. आईच्या शेकडो गोष्टी ती विसरली होती, हीच तेवढी नेमकी लक्षात ठेवली. हुंगला वाटलं, बहीण विचारील. बहिणीला वाटलं, तिम विचारील, तो आईजवळच राहतो. आणि धाकटा तिम, मिनीबस चालवणारा, सेहेचाळीस वर्षांचा, अजून बिनलग्नाचा, तो तर भूक लागली तरी तोंडानं सांगायचा नाही.

चंद्राचा सण आला. मूनकेकचे डबे आले. पोरं जेवली, कंदील लावले, चंद्र बघितला, आणि निघून गेली. चंद्राबद्दल सगळे बोलले. एक्याऐंशीबद्दल एकानं तोंड उघडलं नाही. आणि चोयपोचा दिवस तर त्याच आठवड्याच्या शेवटी.

त्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं. जेवण मागायचं नाही, ते खरं. पण जेवायला कोणाची बंदी आहे? मानचिउमध्ये एक टेबल सांगायचं, पोरांना "या रे जेवायला" म्हणायचं, निमित्त सांगायचं नाही. पोरांना आपसूक आठवलं तर त्यांचं नशीब. नाही आठवलं तर निदान डुक्कर तरी पोटात जाईल.

मानचिउ म्हणजे बाजारावरच्या मजल्यावरचं सीफूडचं जुनं रेस्टॉरंट. लाल गालिचा, दारात माशांच्या टाक्या, आणि मागच्या भिंतीवर सोनेरी ड्रॅगन आणि फिनिक्सची जोडी, डोळ्यांत दिवे बसवलेली. ड्रॅगनचा एक डोळा कधीचा विझलाय, त्यामुळं वसाहतीतल्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत नवरानवरीच्या डोक्यावर ड्रॅगन डोळा मारत असतो. हुंगचं लग्न तिथं झालं. नातवंडांची महिना भरल्याची जेवणं तिथं झाली. नवऱ्याची साठी झाली, सत्तरी झाली, आणि तो गेल्यावर स्मशानातून परतलेल्या माणसांनी गोड तोंड केलं तेही तिथंच. त्या घरातलं काहीही मानचिउमध्ये जेवल्याशिवाय पुरतं झालं असं धरत नसत.

आणि रोज सकाळी चोयपोचा चहा तिथं. टाकीशेजारचं टेबल तिचं. त्या टेबलाकडं बघणारी होती किउजे. जे म्हणजे ताई, पण चोयपोपुढं कसली ताई, ती नुसती किउ. चाळिशी उलटलेली, केस करकचून बांधलेले, आवाज असा की स्वयंपाकघरातल्या वाफेच्याही पलीकडं जावा. आणि जगात चोयपोला उलट उत्तर देणारी ती एकटीच.

"आज चहा आहे का माशाची टाकी रिकामी केलीत?"

"टाकीचं पाणी महाग पडतं आजीबाई, ते चांगल्या गिऱ्हाइकांना देतो."

तिथं कुणी आपल्याला चहा ओतला की दोन बोटं टेबलावर वाजवायची, म्हणजे आभार मानले. सकाळच्या वेळी मानचिउ असं टकटकत असतं की सुतारपक्ष्यांची जत्राच भरावी. चोयपोनं मात्र किउजेसाठी कधी बोट वाजवलं नव्हतं. किउजेनं एकदा विचारलंही होतं, "बोटांना वात झालाय का?" त्यावर उत्तर मिळालं होतं, "वाजवण्यासारखा चहा आला की वाजतील."

तर अशा या किउजेला चोयपोनं त्या सकाळी सांगितलं, "शनिवारी रात्रीचं एक टेबल लिहून घे."

"निमित्त काय?"

"जेवायला निमित्त लागतं? भूक हे निमित्त पुरत नाही?"

"भिंतीवर काय लावायचं ते कळायला नको?"

"भिंतीला मी जेवायला बोलावलेलं नाही. लिही. अख्खं भाजलेलं डुकराचं पिल्लू."

किउजेची पेन्सिल थांबली. "अख्खं?"

"मग काय शेपूट मागू?"

या डुकराच्या मागं मोठा इतिहास होता. डॉक्टरनं ज्या दिवशी चरबी हा शब्द उच्चारला, त्या दिवसापासून वायक्वान प्रत्येक जेवणात सासूच्या ताटातलं कुरकुरीत कातडं उचलून आपल्या ताटात घ्यायची. सासूच्या जिवाची एवढी काळजी की ती सगळी चरबी स्वतःच्या अंगावर घ्यायची. चोयपोनं ठरवलं होतं, यंदा अख्खं डुक्कर मागवायचं. किती उचलते बघू.

"मग शेवंड, आलं आणि पात घालून," ती पुढं म्हणाली. "वाफवलेला हेकरू मासा. आधी जिवंत दाखवायचा. मेलेला आणून 'आत्ता हलत होता' म्हणायचं नाही. कोळंबी. शेवटी लांब नूडल्स. झालं."

"आणि पीच?"

पीच म्हणजे फळं नव्हेत. पिठाचे, वाफवलेले, गुलाबी टोकाचे, पोटात कमळबियांचं गोड सारण. आयुष्य वाढावं म्हणून वाढदिवसाच्या माणसापुढं ठेवतात. ते चोयपोला हवेच होते. डुकरापेक्षाही जास्त हवे होते. पण स्वतःचे पीच स्वतः मागायचे म्हणजे आपणच ताम्हण घेऊन आरशापुढं उभं राहायचं आणि आपल्यालाच ओवाळायचं. तिचं नाक आधीच वर होतं, ते आणखी वर गेलं.

"पीच कशाला? कुणाचा वाढदिवस आहे इथं?"

"पीच नाहीत," किउजे स्वतःशीच म्हणाली. "डुक्कर आहे, पीच नाहीत." तिचा चेहरा जरा उतरल्यासारखा झाला. चोयपोला वाटलं, पिचांचा धंदा बुडाला म्हणून असेल.

मागच्या टेबलावर शेजारीण पून काकू पेपर वाचत होती. पून काकूला चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि चष्मा तिच्या कपाळावर होता. म्हणजे ती काय करत होती ते कळलंच असेल.

चोयपो भाजी घेऊन लिफ्टपाशी पोचते न पोचते तोच पहिला माणूस म्हणाला, "अभिनंदन, चोयपो!" लिफ्टमध्ये दोघांनी केलं. सतराव्या मजल्यावर पून काकू दारातच उभी होती. तिनं भाजीची पिशवी हातातून घेतली आणि डोळे पुसले. "शेवटी जमलं गं तुझ्या तिमचं! किती दिवस लपवून ठेवलंस!"

"तिमचं काय जमलं?"

"आता आणि लपवतेस? पीच नाहीत म्हणजे वाढदिवस नाही. लाल अंडी नाहीत म्हणजे बाळ नाही. अख्खं डुक्कर आहे म्हणजे नवरी आहे! मी काय काल जन्मले?"

इथं चोयपोला सरळ सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की माझ्या तिन्ही पोरांना माझा वाढदिवस आठवत नाही म्हणून मीच माझं जेवण सांगून आले? तेही पून काकूला, जिच्या पोरांनी तिचा एक्याऐंशीवा अख्खा हॉल घेऊन केला होता आणि जिनं त्याचे फोटो लिफ्टमध्ये येईल त्याच्या नाकापुढं धरले होते? त्यापेक्षा सतराव्या मजल्यावरून उडी बरी. आणि खोटं कशाला बोला, 'तुझ्या तिमचं जमलं' हे शब्द कानाला असे काही लागले की चोयपोचं तोंड क्षणभर उघडलंच नाही.

"वेळ आली की कळेल," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

आपल्याकडं एखादी बाई "वेळ आली की कळेल" म्हणाली, की दुसऱ्या बायका ती वेळ आत्ताच आली असं समजतात. संध्याकाळपर्यंत सल्ले सुरू झाले. नवऱ्या मुलाचा पलंग सवाष्णीनं लावावा लागतो, नवरा जिवंत आणि मुलगे झालेल्या बाईनं. पून काकूनं स्वतःचंच नाव पुढं केलं. आता तिचा नवरा जिवंत आहे हे कागदोपत्री खरं असेल, पण तो चौकातल्या बाकावर दिवसभर असा बसलेला असतो की कबुतरं त्याच्या खांद्यावर निवांत झोपतात. नवव्या मजल्यावरची एक म्हणाली, पलंगाखाली झाडू नका. दुसरी म्हणाली, खिडकीकडं डोकं करू नका, सून समुद्राकडं पळते. तिमची खोली एवढीशी की पलंग एकाच तऱ्हेनं मावायचा, पण त्याच्यावर तीन दिवस चर्चा चालली.

वसाहतीच्या कचेरीतून एक टाय लावलेला तरुण आला. दारावर लाल कापड लावायला हरकत नाही, पण बाहेरच्या वाटेत येता कामा नये. नवरीसाठी लिफ्ट थांबवून ठेवायची असेल तर अर्ज पंधरवडा आधी द्यायचा असतो.

"नवरी किती वाजता येणार?" त्यानं विचारलं.

"तिला वाटेल तेव्हा."

"असं अर्जात लिहिता येत नाही, आजी."

"मग तू तिला विचारून ये."

तो खरोखरच वही काढून "तिचा पत्ता?" म्हणाला. चोयपोनं त्याला एक संत्रं दिलं आणि घालवलं.

मग मानचिउच्या मॅनेजरचा फोन. ड्रॅगन-फिनिक्सची भिंत हवी तर निदान सहा टेबलं घ्यावी लागतील. चोयपो म्हणणार होती की भिंत घाला चुलीत, पण त्यानंच पुढं सांगितलं, सहा टेबलं तर आत्ताच भरली, सकाळपासून वसाहतीतली माणसं येऊन आपापली नावं सांगून जाताहेत. फोन ठेवते तोच वायक्वानचा आला.

"आई, तिमचं लग्न, आणि आम्हाला बाहेरून कळतं?"

"तुम्हाला बाहेरून तरी कळलं. घरातलं तर काहीच आठवत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. शनिवारी या."

असं सगळं फुगत चाललं होतं, फसफसलेल्या पिठासारखं. झाकण दाबावं तर बाजूनं बाहेर यायचं. पण चोयपोला खरी बोच लागली ती चहाच्या टेबलावर.

किउजेनं बोलणंच टाकलं. पहिल्या दिवशी चोयपो म्हणाली, "चहा आहे का भांड्याचं धुवण?" आणि उत्तराची वाट बघत बसली. उत्तर आलंच नाही. किटली टेबलावर आदळली आणि पाठ वळली. दुसऱ्या दिवशी चहा गार. किटलीचं झाकण तिरकं ठेवलं की तिथं लगेच आधणाचं पाणी येतं. चोयपोनं झाकण तिरकं ठेवलं, मग काढूनच ठेवलं, मग झाकणानं किटली वाजवली. किउजे तीनदा शेजारून गेली, टाकीतल्या माशाकडं बघत. इतकी वर्षं भांडलेलं माणूस अचानक भांडेनासं झालं की कसं वाटतं ते ज्याचं त्यालाच कळतं. घरी जाताना चोयपोला आपलीच जीभ तोंडात जड झाल्यासारखी वाटली. दिवसभरात कुणाला धड टोचून बोलता आलं नाही.

आणि घरी तिम जेवेना.

तिनं त्याच्या आवडीचं, माशाचं डोकं वाफवून पुढं ठेवलं. त्यानं गालाचं मांससुद्धा काढलं नाही. त्याचा बाप मेला तेव्हाही त्यानं माशाचा गाल सोडला नव्हता.

"काय झालं?"

"काही नाही."

"बस ठोकलीस?"

"नाही."

तो जेवणाच्या काड्यांनी भात उकरत राहिला. मग म्हणाला, "आई, मुलगी कोण आहे?"

"कुठली मुलगी?"

"जिच्याशी माझं लग्न आहे ती. बसमधले लोक अभिनंदन करताहेत. मी विचारलं नाही, म्हटलं तू ठरवलंयस तर असेल काही. पण आई... मला नाही करायचं." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आईला नाही म्हटलं होतं, आणि तेही भाताकडं बघून. "मला दुसरी आहे."

चोयपोनं हातातल्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या. "कोण?"

"तू ओळखतेस."

"अरे, कोण?"

"मानचिउतली. किउ."

चोयपो म्हणाली, "ती? ती फाटक्या तोंडाची?"

"म्हणूनच सांगितलं नाही. तीन वर्षं झाली. तू रोज तिला शिव्या घालतेस."

"शिव्या? मी? मी चहाबद्दल बोलते!"

"तिला तेवढं कळतं. ती म्हणायची, तुझी आई बोलली नाही तर मला दिवस उगवल्यासारखा वाटत नाही. टाकीशेजारचं टेबल ती तुझ्यासाठी भांडून राखते, तिथं वरून गार वारा येत नाही म्हणून. तुझी पेज आत जाऊन जास्त शिजवून आणते, तुझे दात बघून." त्यानं नाक ओढलं. "आता फोन उचलत नाही. तिनं एवढंच सांगितलं, तुझ्या आईनं स्वतः येऊन माझ्याच हातानं तुझ्या लग्नाचं डुक्कर लिहून घेतलं. पुन्हा तोंड दाखवू नकोस."

चोयपो उठली, मोरीत गेली, आणि नळ सोडून उभी राहिली. पेज मऊ येते ती मानचिउचा आचारी म्हातारा झाला म्हणून, असं ती इतके दिवस समजत होती. त्यावरूनही तिनं एकदा किउजेला ऐकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या टेबलावर जाऊन बसली. हॉल भरलेला. मागं पून काकू, कपाळावर चष्मा.

"ए किउ. इकडं ये."

किउजे आली. चेहरा उकडलेल्या अंड्यासारखा.

"ते डुक्कर," चोयपो हळूच म्हणाली, "लग्नाचं नाही."

"असं? मग काय देवाच्या नवसाचं?"

"नाही."

"घर घेतलंत? नातू पास झाला? आजीबाई, मला पाच टेबलं बघायची आहेत. चहा हवा असेल तर सांगा, नाहीतर लग्नाच्या गडबडीत तुम्ही, आम्ही कशाला मधे."

"लग्न नाही म्हणते ना! तिमला मी कुठलीही मुलगी बघितलेली नाही!"

"मग एवढी सहा टेबलं, डुक्कर, शेवंड कुणासाठी?" किउजेचा आवाज चढला. तो चढला की हॉलच्या टोकापर्यंत जातो. बोटांची टकटक थांबली. "पीच नकोत म्हणालात तुम्ही! कुणाचा वाढदिवस आहे म्हणालात! मग कुणाचं आहे ते?"

चोयपोनं इकडंतिकडं बघितलं. ओळखीची सगळी तोंडं तिच्याकडं वळली होती. टाकीतला हेकरूसुद्धा काचेला नाक लावून होता. तिला वाटलं, काहीतरी सांगून टाकावं, देवाचा नवस म्हणावं. आणि मग समोर उभ्या असलेल्या बाईचे डोळे दिसले. लाल, सुजलेले, काजळ न घालता आलेले. घरी भाताकडं बघणाऱ्या दुसऱ्या एका माणसाचेही तसेच होते.

"माझं!" चोयपो ओरडली. "माझं आहे ते! मला एक्याऐंशी लागतंय! कुणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगितलं! आणि पीच हवे होते, पण स्वतःचे पीच कोण मागतं? तू मागशील?"

कुठंतरी एक डिमसमची टोपली हातातच राहिली. चोयपोचे कान एवढे तापले की त्यांवर कुणी चहाला आधण ठेवावं.

किउजेनं पेन्सिल कानामागं खोचली.

"मी काही ऐकलं नाही," ती म्हणाली. आणि हॉलकडं वळून, त्या आवाजात, "आज इथं कुणी काही ऐकलंय?"

सगळे एकदम चहा ओतू लागले. पून काकूनं चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि पेपर वाचायला घेतला, आयुष्यात पहिल्यांदा. त्या सकाळी मानचिउतल्या एकाही माणसानं काही ऐकलं नव्हतं. अजूनही विचाराल तर कुणी ऐकलेलं नाही.

किउजेनं गार किटली उचलली आणि आधणाचं पाणी घालून आणली. ओतताना हळूच म्हणाली, "तिम जेवला का?"

"माशाचा गाल सोडला त्यानं."

किउजेनं तोंड फिरवलं. "गाढव," ती म्हणाली, पण त्या आवाजात नव्हे.

त्याच संध्याकाळी हुंगचा फोन आला. आधी खोकला. मग, "आई, ते... यंदा एक्याऐंशीवं. आम्ही म्हणतोय, जेवण घालू." मागून वायक्वान कुजबुजत होती, "बाईचं एक्याऐंशी, नीट सांगा."

"काही नको, उगाच खर्च."

"नाही, घालूच."

"कशाला ते थेर या वयात."

हुंग घाबरला होता. याद राखलेली माणसं ती. आता "बरं मग" म्हणून फोन ठेवतो की काय, या धास्तीनं चोयपोचा हात रिसीव्हरवर घट्ट झाला. मागून वायक्वान म्हणाली, "अजून एकदा! अजून एकदा विचारा!"

"आई, घालू ना?"

"तुमचीच हौस असेल," चोयपो सुस्कारा सोडून म्हणाली, "तर करा बाबा."

शनिवारी मानचिउ खचाखच भरलं. ड्रॅगन-फिनिक्स भिंतीला पक्के ठोकलेले, काढता येईनात, म्हणून मॅनेजरनं त्यांच्या मधोमध दीर्घायुष्याचं मोठं लाल अक्षर टांगलं. अर्धी वसाहत लग्नाला म्हणून आली होती, अर्धी वाढदिवसाला. काहींनी दोन्हींचं धरून दोन्ही शुभेच्छा दिल्या. डुक्कर आलं, डोळ्यांच्या जागी लुकलुकणारे लाल दिवे लावून. वायक्वानच्या काड्या सवयीनं सासूच्या ताटाकडं निघाल्या, चोयपोनं नुसतं बघितलं, आणि काड्या वाटेतूनच कोळंबीकडं वळल्या. कातडं असं कुरकुरलं की पलीकडच्या टेबलावरच्यांनी मान वळवली. हेकरूची वरची बाजू संपली तेव्हा कुणीतरी परक्यानं तो उलटायला हात घातला, आणि क्वोकांच्या सात जणांनी एकदम त्याचा हात धरला. होडीवाल्यांच्या टेबलावर मासा उलटत नाहीत, होडी उलटते म्हणून. काटा काढून खालचं खातात.

मग पीच आले. एक ताट हुंगनं सांगितलं होतं. एक बहिणीनं, भाऊ विसरेल म्हणून. एक तिमनं. एक पून काकूनं, कारण तिनं काहीच ऐकलं नव्हतं. आणि एक सगळ्यांत मोठं, त्यात हिरवी पानंसुद्धा हातानं कापून लावलेली, ते कुणी सांगितलं ते कुणी सांगेना. टेबलावर गुलाबी डोंगर उभा राहिला, आणि त्याच्या मागं चोयपो दिसेनाशी झाली. ते बरं झालं, कारण तेवढ्यात तिला डोळे पुसून घेता आले.

किउजे त्या दिवशी गणवेशात नव्हती. जांभळा ब्लाउज, मोकळे केस, तिमच्या शेजारी बसलेली. बसलेली म्हणजे काय, खुर्चीच्या कडेवर टेकलेली. दुसरी कुणी वाढायला आली की हिचे हात आपोआप उचलले जायचे. पलीकडच्या टेबलावर किटलीचं झाकण तिरकं दिसलं की ही अर्धवट उठायची, आणि तिम तिची बाही ओढून खाली बसवायचा. पण आता तिला राहवेना. ती उठली, किटली घेतली, आणि वळसा घालून चोयपोच्या उजव्या हाताला येऊन उभी राहिली.

"आधण मी स्वतः बघितलंय," किउजे म्हणाली, आणि चहा ओतून पेला दोन्ही हातांनी पुढं केला.

चोयपोनं एक घोट घेतला. मग दुसरा. मग पेला रिकामा करून खाली ठेवला.

"फिक्का आहे," ती म्हणाली.

"उद्या सकाळी दाट करते. आता परत ओतू?"

"ओत. उभी काय राहिलीस?"

किउजे ओतू लागली. वर ड्रॅगन डोळा मारत होता. चोयपोनं मान पलीकडं वळवली आणि कुणीतरी पिचांना हात लावतंय का ते बघू लागली. आणि तिची उजव्या हाताची दोन बोटं, मान तिकडंच असताना, टेबलावर वाजली. टक, टक.

किउजे त्या बोटांकडं बघतच ओतत राहिली. चहा पेल्यातून बशीत, बशीतून लाल टेबलक्लॉथवर पसरला.

"अगं, नीट ओत की," चोयपो म्हणाली.